लँडस्केप आर्किटेक्टला जैवविविधता कशाला कळायला हवी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लँडस्केपचे विद्यार्थी, नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेले तरुण, बिल्डर आणि सोसायट्यांच्या कमिट्या यांच्याकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बरीचशी पुण्याची आहेत. डोंगर, माळ, ओढा आणि नदी एकाच शहरात बघायला मिळतात, आणि एकमेकांपासून तुटतानाही दिसतात, म्हणून.

आमचं काम बाग देखणी करायचं. जैवविविधता हे वनखात्याचं काम नाही का?

वनखात्याकडे वनजमीन असते. ओढ्याचा काठ, टेकडीचा पायथा, कॉलेजचा कॅम्पस, आयटी पार्क, टाउनशिप, रस्त्याचा दुभाजक, तळ्याभोवतीचा जॉगिंग ट्रॅक या सगळ्यांचे आराखडे आपल्या टेबलावर तयार होतात. तिथे काय उपटायचं, काय लावायचं, कुठे भिंत आणि कुठे फरशी हे आपणच ठरवतो. त्यामुळे काम आपलंच आहे, कळत असो वा नसो.

शिवाय आपल्या धंद्याची जुनी उधारीही आहे. घाणेरी भारतात आली ती बागेत लावायला म्हणून. जलपर्णीही शोभेची म्हणूनच आली. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्याच्या टेकड्यांवर आणि बाहेरच्या माळांवर पिवळा-केशरी कॉसमॉस फुलतो, लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. तोही मूळचा मेक्सिकोकडचा, बागेतून निसटलेला. जिथे तो माजतो तिथलं गवत आणि पावसाळी रानफुलं मागे हटतात. ग्राउंडकव्हर म्हणून बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या परिमाण-यादीत, अजूनही सर्रास लिहिला जाणारा वेडेलिया ओढ्याच्या ओलीत उतरला की माळ्याच्या हाताबाहेर जातो.

‘जोडलेले अधिवास’ म्हणजे नेमकं काय?

एखाद्या प्राण्याला खायला, प्यायला, लपायला, जोडीदार शोधायला आणि पिल्लं वाढवायला जेवढी जागा लागते ती सलग असावी, किंवा त्या जिवाला पार करता येईल इतपत तरी जवळजवळ असावी. लहान, एकटा पडलेला तुकडा हळूहळू प्रजाती गमावतो. तिथली जोडी मेली की बाहेरून दुसरी येत नाही, उरलेल्यांत आपसातच प्रजनन होत राहतं, आणि एखाद्या वणव्यात किंवा दुष्काळात सगळं संपतं.

मात्र ‘जोड’ म्हणजे काय हे प्रत्येक जिवाचं वेगळं. भीमाशंकरचा शेकरू झाडावरून झाडावर जातो, जमिनीवर उतरणं टाळतो. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींपासून दूर गेल्या की त्याच्यासाठी जंगलाचे दोन तुकडे झाले, मग खालून आपण कितीही हिरवा दुभाजक केला तरी. बेडकाला वरच्या फांद्यांशी कर्तव्य नाही, त्याला ओली जमीन सलग हवी. वीतभर उंचीचा काँक्रीटचा कठडा त्याला अडवतो. फुलपाखराला अधूनमधून थांबे मिळाले तरी चालतं. म्हणून नुसता ‘ग्रीन कॉरिडॉर’ असा हिरवा पट्टा नकाशावर रंगवून भागत नाही. तो कुणासाठी, हे आधी लिहायला हवं.

पुण्यात असे जोड अजून उरले आहेत का?

आहेत. बरेचसे ओढ्यांच्या रूपात. रामनदी घ्या. खाटपेवाडीच्या डोंगराकडून निघते, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी करत औंधजवळ मुळेला मिळते. डोंगर, तलाव आणि मोठी नदी यांना बांधणारी ती एकच ओळ आहे. वाटेत दोन्ही काठांना इमारती आल्या आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीच्या आवारात कुणीतरी लँडस्केप केलेलं आहे. एकेका प्लॉटवर प्रत्येकाने आपापल्या हद्दीपुरतं नीटनेटकं केलं आणि ओळ मात्र तुकड्यातुकड्याने तुटली.

दुसरा जोड टेकड्यांचा. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवरची सुमारे 978 हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे बीडीपीसाठी आरक्षित झाली. 2015 मध्ये राज्य सरकारने त्याला मान्यता दिली. आरक्षण कागदावर आहे, त्यावरची भांडणंही चालू आहेत. पण टेकडीच्या पायथ्याशी तुमचा प्लॉट असेल तर त्या आरक्षणाची रेघ कुठून जाते हे तुम्हाला तोंडपाठ असायला हवं.

साइट ओढ्याकाठी आहे. पहिल्यांदा काय करायचं?

भिंतीचं ड्रॉइंग थांबवायचं.

बहुतेक क्लायंटला ओढा म्हणजे वास, डास आणि वाया गेलेली जागा वाटते. त्याची पहिली मागणी असते की दोन्ही बाजूंना गॅबियन (जाळीत दगड भरून केलेली भिंत) किंवा आरसीसी भिंत घाला, वर वॉकवे द्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या, सीमाभिंती कोसळल्या. पाण्याला पसरायला जागा ठेवली नाही की ते स्वतः करून घेतं. ही जागा आणि जैवविविधतेची जागा एकच असते, हा मुद्दा मी क्लायंटपुढे सगळ्यात आधी ठेवतो. पक्ष्यांचं नंतर बोलतो.

मग काठ जवळून बघायचा. उभी, कोरडी मातीची कड दिसली तर तिच्यात गोल भोकं शोधा. खंड्या अशा कडेत हातभर खोल बीळ खोदून टोकाशी अंडी घालतो. वेडा राघूही तसाच. आपण ‘स्लोप स्टॅबिलायझेशन’ म्हणून तिथे दगड रचला की पुढच्या वर्षी ते जोडपं येतं, चोचीने चार ठिकाणी टोकरून बघतं आणि निघून जातं. ड्रॉइंगमध्ये ही कड नुसती ‘एरोडेड एज’, म्हणजे झिजलेली कड, अशी लिहिलेली असते.

लावायचं काय? पाण्याच्या अगदी कडेला शेरणी आणि लव्हाळा. शेरणीची मुळं खडकात रुतलेली असतात आणि फांद्या लवचीक, त्यामुळे पूर डोक्यावरून गेला तरी ती उभी राहते. असलं काम कुठलाही इंजिनिअर इतक्या स्वस्तात करून देणार नाही. तिच्यामागे वाळुंज, करंज, निर्गुडी. त्याहून वर जांभूळ, उंबर, अर्जुन. वॉकवे द्यायचाच तर एकाच काठावर द्या आणि दुसरा काठ माणसांपासून मोकळा ठेवा. हा एवढा आग्रह धरला तरी निम्मं काम होतं.

देशी झाडं लावली की झालं ना?

नाही. देशी, पण कुठली? सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचं सदाहरित झाड हडपसरच्या मुरमाड जमिनीत लावलं तर ते देशी असूनही परकंच. पुण्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना तीसेक किलोमीटरच्या आत पाऊस झपाट्याने कमी होतो. मुळशीची यादी वाघोलीला चालत नाही.

दुसरं, सगळीकडे एकच देशी झाड लावणं हाही रोगच. सप्तपर्णी देशी, देखणी, सावली दाट; म्हणून रस्तेच्या रस्ते तिने भरले, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत तिच्या उग्र वासाच्या तक्रारी सुरू झाल्या. मुंबईत रस्त्याकडेच्या रेन ट्रीवर पिठ्या ढेकूण पडला तेव्हा एकामागून एक मोठी झाडं वाळली. रेन ट्री परदेशी खरा, पण एकाच जातीवर भिस्त ठेवली की हेच देशी झाडांचंही होणार. शहरी वृक्षलागवडीत 10-20-30 असा एक ठोकताळा वापरतात: एका प्रजातीची झाडं 10 टक्क्यांहून जास्त नकोत, एका वंशाची 20 आणि एका कुळाची 30 टक्क्यांहून जास्त नकोत. तंतोतंत पाळला नाही तरी प्लँटिंग प्लॅन त्यावर तपासून बघा. बहुतेक प्लॅन पहिल्याच आकड्यावर गळतात.

तिसरं, झाड म्हणजे फक्त फूल नाही. फुलपाखरांसाठी बाग मागितली की सगळे मधाची फुलं लावतात. अळीला पान लागतं हे विसरतात. कॉमन मॉरमॉन कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालतं. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट, मध्ये पांढरा फराटा. मोठी झाली की हिरवीगार होते. ब्लू मॉरमॉन, आपलं राज्य फुलपाखरू, त्याच लिंबाच्या कुळावर वाढतं. प्लेन टायगरला रुई लागते, जी आपला माळी तण म्हणून पहिल्याच दिवशी उपटतो. कॉमन जेझेबेलची अळी चक्क बांडगुळावर जगते. मधाची फुलं भरपूर आणि अळीला पान नाही अशी बाग म्हणजे खानावळ. तिथे कुणी संसार थाटत नाही.

क्लायंट म्हणतो, उंबर नको. फळं पडतात, गाड्या खराब होतात.

त्याचं बरोबर आहे. पार्किंगवर उंबर लावणाऱ्याला शिव्याच मिळायला हव्यात. पण तो यादीतून काढू नका, त्याची जागा बदला.

वड, पिंपळ, उंबर, पायर ही सगळी एका घराण्यातली. ती वेगवेगळ्या वेळी फळतात, त्यातला उंबर वर्षातून अनेकदा. इतर झाडांवर काही नसतं त्या दिवसांत धनेश, कोकीळ, बुलबुल, हारीत आणि वटवाघळं यांचं पोट या झाडांवर चालतं. उंबराचं फळ फोडून बघा: आत बारीक फुलं असतात आणि त्यांच्यात तांदळाच्या कणीहून लहान माश्या. त्या माशीवाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून माशीचा वंश चालत नाही. आवाराच्या मागच्या बाजूला, ओढ्यालगत, जिथे पाइपलाइन आणि पाया जवळ नाही तिथे एक उंबर द्या.

जागा नुसती ओसाड, गवताळ आहे. तिथे जंगल उभं केलं तर चांगलंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त नुकसान करतो. माळ ओसाड नसतो. पवन्या, मारवेल, कुसळी असल्या गवतांवर लांडगा, खोकड, चिंकारा, चंडोल, धाविक यांचं जगणं उभं आहे. पुणे जिल्ह्यात सासवड, सुपे, बारामती या बाजूला असे माळ आहेत. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तर चिंकारासाठीच राखलेलं आहे. सोलापूरकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे आणि माळढोक तिथे जवळपास दिसेनासा झाला आहे. गवताळ जमिनीवर रांगेत खड्डे खणून झाडं लावली की चंडोलाला घरट्याची जागा उरत नाही आणि झाडांवर बसायला शिकारी पक्ष्यांना मचाण मिळतं.

पुण्याच्या टेकड्यांचंही तेच. वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी मूळचं राज्य विरळ झुडपांचं आणि गवताचं. तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड) लावला गेला, तो फोफावला, त्याच्या सावलीत खालचं काही वाढेना. पावसाळ्यात खडकाळ, उघड्या भागात मात्र कंदीलपुष्पासारखी नाजूक वनस्पती अजून डोकं काढते. आराखड्यात अशा जागेवर ‘झाडे नकोत’ असं ठळक लिहावं लागतं. क्लायंटला ते पचत नाही, सीएसआरवाल्यांना, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्यांना, तर मुळीच नाही, कारण झाड न लावल्याचा फोटो निघत नाही.

मग मियावाकी?

जिथे मुळात दाट जंगल असायला हवं, जमीन बांधकामाने मेलेली आहे आणि जागा चिमुकली आहे, तिथे ठीक. चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने लावायची ही पद्धत गवताळ माळावर, टेकडीच्या खडकावर किंवा ओढ्याच्या काठावर वापरू नये. आणि तीस प्रजातींची छापील यादी सगळीकडे तीच असेल तर त्याला मियावाकी म्हणायचं कारण नाही. त्या पद्धतीची सुरुवातच त्या जागेचं मूळ वन कोणतं होतं हे शोधण्यापासून होते.

झाडी दाट केली तर साप येतील, असं सोसायटी म्हणते.

साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. कचऱ्याची खोली बंद केली तर अर्धी भीती कमी होते. उरलेल्या अर्ध्यासाठी आराखड्यात तरतूद करा: चालायच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना आखूड कापलेल्या गवताचा पट्टा, दाट झुडपं त्याच्या पलीकडे, मुलांच्या खेळायच्या जागेजवळ दगडांचे ढीग नकोत, पालापाचोळ्याचा ढीग आवाराच्या टोकाला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ओळखता येतील असं चित्र वॉचमनच्या केबिनमध्ये लावा, आणि शेजारी सर्पमित्राचा नंबर. एवढं केलं की बहुतेक कमिट्या तयार होतात. ज्या होत नाहीत त्यांना साप हे निमित्त असतं, खर्च नको असतो.

आणि बिबट्या?

बिबट्या आपल्या झाडीची वाट बघत थांबलेला नाही. जुन्नर भागात तो उसात राहतो, मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत फिरतो. त्याला ओढतात मोकाट कुत्री आणि उघडा कचरा. जंगलालगतचं काम असेल तर लँडस्केपचं काम एवढंच: माणसांच्या वाटा उजेडात आणि मोकळ्या ठेवा, झाडी घरांना चिकटवू नका.

रस्त्यांच्या आणि महामार्गांच्या कामात आपला काय संबंध?

खूप आहे, आणि इथे आपण फार उशिरा बोलावले जातो. कान्हा-पेंच पट्ट्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर, महाराष्ट्राच्या हद्दीत, वन्यजिवांसाठी एकूण नऊ रचना बांधल्या: पाच भुयारी मार्ग आणि चार छोटे पूल. त्यांत सगळ्यात जास्त लांबी तब्बल 750 मीटर आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले तेव्हा 18 प्रजातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले. 11 वेगवेगळे वाघ मिळून 89 वेळा. म्हणजे वाट नीट दिली तर जनावरं वापरतात. पण भुयाराच्या तोंडाशी काय लावायचं, आडोसा किती, रस्त्यावरचा उजेड खाली झिरपतो का, पाणी तुंबतं का, माणसांनी तिथे टपरी टाकू नये म्हणून काय करायचं, हे सगळं लँडस्केपचं काम आहे. ते ठेकेदारावर सोडलं की तिथे बोगनवेल लागते.

कोकणात रिसॉर्टचं काम आलं आहे. तिथे वेगळं काय बघायचं?

सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा हा राधानगरीकडून गोव्याकडे आणि पुढे कर्नाटकातल्या जंगलांकडे जाणारा वन्यजिवांचा मार्ग आहे. तिथे चार एकरांना सलग चिरेबंदी कंपाउंड घालणं म्हणजे वाटेत दार लावणं. कुंपण घालायचंच तर फक्त इमारतींभोवती घाला. शेजारी देवराई असेल तर तिच्या कडेला फेअरी लाइट्स, डीजे आणि विदेशी पाम नकोत. देवराईच्या मानकऱ्यांशी आणि गावाशी आधी बोला. तिथे काय चालतं आणि काय चालत नाही हे त्यांना तुमच्या कन्सल्टंटपेक्षा जास्त ठाऊक असतं.

दिव्यांनी एवढा काय फरक पडतो?

पडतो. पांढऱ्याशुभ्र अपलायटरखाली सकाळी पडलेले किडे मोजून बघा. झाडांवर खालून दिवे मारणं बंद करा, पिवळसर रंगाचे, खाली तोंड केलेले, वेळ ठरवलेले दिवे वापरा. ओढ्याच्या बाजूला शक्य तर काहीच नको.

खर्च वाढतो का?

सुरुवातीला सर्वेक्षणाचा थोडा वाढतो, नंतर बराच कमी होतो. लॉन आठवा: रोजचं पाणी, दर आठवड्याला कापणी, खत, फवारणी. शिवाय ‘लाल माती’चे ट्रक. ती माती कुठल्या डोंगराच्या उतारावरून खरवडून आणली हे बिलावर लिहिलेलं नसतं. साइटची वरची माती बांधकामाआधी काढून बाजूला ढीग करून ठेवायला लावली, तर ट्रक वाचतात आणि त्या मातीतलं रानबीही वाचतं. ही अट लँडस्केप टेंडरमध्ये लिहून उपयोग नाही, कारण तोवर माती गेलेली असते. ती खोदाईच्या टेंडरमध्ये जायला हवी.

खरी अडचण रोपांची आहे. बाजारातला मोठा माल आंध्रात राजमुंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्यांतून येतो, आणि तिथे शेरणी किंवा वाळुंज मागितली तर समोरचा माणूस फोन ठेवतो. लागवडीच्या दोन पावसाळे आधी स्थानिक नर्सरीला बी देऊन रोपं करार करून वाढवून घ्यावी लागतात. प्रोजेक्ट तीन वर्षांचा असेल तर हे सहज जमतं. फक्त पहिल्या महिन्यात ठरवायला हवं.

शहरात कचऱ्यावर, पडीक जागेवर काही उभं राहतं का?

राहतं. धारावी-माहीमच्या सीमेवर, मिठी नदीच्या काठी जिथे पूर्वी कचराडेपो होता तिथे सुमारे 37 एकरांत महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं आहे. एकदा आत चक्कर मारून या. मिठीकडच्या बाजूला खारफुटी आहे आणि ती जोडणीच त्या उद्यानाला नुसत्या बागेपासून वेगळं करते.

सर्वेक्षण कधी आणि कसं करायचं?

निदान पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा, तिन्ही. एप्रिलमध्ये बघितलेल्या माळावर काहीच नसतं आणि ऑगस्टमध्ये त्याच माळावर पाय ठेवायला जागा नसते. एवढा वेळ नसेल तर पावसाळा सोडू नका. हद्दीच्या बाहेर निदान अर्धा किलोमीटर चालत जा. ओढा वरून कुठून येतो, झाडांची रांग कुठे तुटते, जनावरांची पायवाट कुठे आहे हे बेस मॅपवर काढा. आपला बेस मॅप प्लॉटच्या लाल रेघेशी संपतो हीच खरी खोट आहे. गावातल्या गुराख्याला विचारा. गावाची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे तिथल्या जिवांची लोकांकडून केलेली नोंद, असेल तर मागून घ्या; 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत समित्या आहेत आणि नोंदवह्या करणं त्यांचंच काम आहे. काही नोंदवह्या उत्तम आहेत, काही नुसत्या भरलेल्या.

हे सगळं शिकायचं कुठे?

लँडस्केपच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पर्यावरणशास्त्र असतं, पण परीक्षेपुरतं. पुण्यात प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये सुरू केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या अभ्यासक्रमातून अनेक आर्किटेक्ट घडले. पक्ष्यांच्या नोंदींसाठी ईबर्ड आणि सगळ्या जिवांच्या नोंदींसाठी आयनॅचरलिस्ट ही अॅप फुकट आहेत. आणि एखाद्या वनस्पतीशास्त्रज्ञाला फी देऊन टीममध्ये घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरला देताना आपण खळखळ करत नाही.

आराखडा चांगला केला, पण सोसायटीच्या ताब्यात गेल्यावर वर्षात सगळं छाटून टाकलं. काय करणार?

छाटतो तो माळी, आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. त्याच्या हातात इंग्रजी मॅन्युअल न देता मराठीत किंवा हिंदीत एक पान द्या. रुई उपटायची नाही. कढीपत्त्यावर आणि लिंबावर फवारणी नाही. ओढ्याकडचं गवत फक्त नोव्हेंबरनंतर, बी पडून गेल्यावर, आणि निम्मंच कापायचं. उरलेलं पुढच्या वर्षी. वाळलेली फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर राहू द्यायची, तांबट तिच्यात भोक पाडतो. कंपाउंडच्या तळाशी ठेवलेली टीचभर फट बुजवायची नाही, मुंगूस आणि बेडूक तिथून जातात. हे पान देखभालीच्या कराराला जोडा, पहिली दोन वर्षं दर तिमाहीला एक भेट स्वतःच्या फीमध्ये धरा, आणि भेटीला गेलात की कमिटीच्या आधी माळ्याला भेटा.